'क्रिमिनल' : एका विशेषणाची कुळकथा

सोलापूर शहरांत 'सेटलमेंट' या नांवाचा एक भाग आहे, आणि त्याच्या आसपास 'सेटलमेंट फ्री कॉलनी' अशा नांवाच्या, क्रमांक लावलेल्या वस्त्या आहेत. टपालाच्या पत्त्यांत हीं नांवें रोज लिहिलीं जातात. रिक्षावाल्यास तीं सांगतांना कोणी क्षणभरहि अडखळत नाहीं. परंतु 'सेटलमेंट' म्हणजे नुसती वसाहत. ती कोणाची, हें सांगणारें विशेषण बोलण्याच्या ओघांत गळून पडलें आहे. सरकारी दप्तरांत या वसाहतीचें नांव पुरें लिहीत, आणि त्या नांवाचा पहिला शब्द होता 'क्रिमिनल'. इंग्रजी वृत्तपत्राच्या पानोपानीं भेटणारा हा शब्द मूळचा कोठला, त्याचे अर्थ किती, आणि तो हजारों माणसांच्या कपाळीं जन्मतःच कसा लिहिला गेला, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

इंग्रजींत या विशेषणाचे दोन प्रमुख अर्थ आहेत, आणि ते एकमेकांपासून बरेच दूर आहेत. पहिला अर्थ 'गुन्ह्यासंबंधींचा'. क्रिमिनल कायदा, क्रिमिनल कोर्ट, क्रिमिनल वकील या शब्दप्रयोगांत हा अर्थ आहे. दुसरा अर्थ 'गुन्हा केलेला'. मराठीनें या दोन अर्थांसाठीं दोन स्वतंत्र शब्द ठेविले आहेत. पहिल्यास 'फौजदारी', दुसऱ्यास 'गुन्हेगार'. म्हणून घरांतला मुलगा फौजदारी वकील झाला तर पेढे वाटतात. त्यास गुन्हेगार वकील म्हणण्याची चूक शाळकरी पोरहि करणार नाहीं. इंग्रजींत मात्र हे दोन्ही अर्थ एकाच घरांत नांदतात, आणि कोणता घ्यावयाचा हें पुढील नामावरून ओळखावें लागतें. याखेरीज एक तिसरा, सैल अर्थहि रूढ आहे. भरल्या ताटांतलें अन्न टाकून देणें 'क्रिमिनल' आहे असें कोणी म्हणतो, तेव्हां त्याच्या मनांत पोलीस नसतो; तें अक्षम्य आहे, एवढेंच त्यास सांगावयाचें असतें.

शब्दाचें कूळ पाहूं गेल्यास तें लॅटिन भाषेंत सांपडतें. रोमन लोकांच्या 'क्रीमेन' या शब्दाचा आधींचा अर्थ गुन्हा असा नसून 'आरोप' असा होता. पुढें ज्या कृत्याबद्दल आरोप येतो त्या कृत्यासहि तोच शब्द लागूं लागला. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्यें 'क्रिमिनालिस' हें विशेषण झालें, आणि जुन्या फ्रेंचांतून तें इंग्रजींत उतरलें. 'क्रीमेन'च्याहि मागें गेलें तर पुष्कळ व्युत्पत्तिकार अशा एका धातूपाशीं येऊन थांबतात, ज्याचा अर्थ चाळणें, वेगळें काढणें, निवाडा करणें असा आहे. टीकाकार या अर्थाचा 'क्रिटिक' आणि आणीबाणी या अर्थाचा 'क्रायसिस' हे ग्रीकांतून आलेले शब्द याच धातूचे नातलग होत. सोलापूरकडच्या गृहिणीस हा अर्थ समजावून द्यावयास नको. ज्वारी दळणास देण्यापूर्वीं ती चाळून, पाखडून, खडा निराळा आणि दाणा निराळा करते. न्यायाचें कामहि हेंच. आधीं आरोप, मग चाळणी, मग निर्णय. एवढें सगळें झाल्यावर एखाद्यास हें विशेषण लावावयाचें, अशी या शब्दाच्या कुळाची रीत आहे.

मराठी 'गुन्हेगार' हा फारसीचा वारसा. 'गुनाह' म्हणजे अपराध किंवा पाप, आणि 'गार' हा 'करणारा' या अर्थाचा प्रत्यय. 'कामगार' या शब्दांत जो प्रत्यय आहे तोच हा. काम करील तो कामगार, गुन्हा करील तो गुन्हेगार. या शब्दाच्या पोटांतच एक अट आहे : कृत्य आधीं, नांव मागाहून. पाळण्यांतल्या पोरास कामगार म्हणणें जितकें हास्यास्पद, तितकेंच त्यास गुन्हेगार म्हणणें. परंतु हिंदुस्थानांत एकदां कायद्यानेंच ही अट बाजूस सारली.

त्याची पूर्वतयारी ठगांच्या बंदोबस्तांत झाली. १८३६ च्या तिसाव्या कायद्यानें ठगांच्या टोळींत असणें एवढेंच जन्मठेपेस पुरेसें ठरविलें. अमुक खून अमुक माणसानें केला हें सिद्ध करण्याची गरज उरली नाहीं. आपल्याकडचा हा 'ठग' शब्द इंग्रजांनीं आपल्या भाषेंत नेला, आणि आज तेथें कोणाहि गुंडास तो लावतात. तरीहि त्या कायद्यांत टोळीशीं असलेला संबंध तरी शाबीत करावा लागे. १८७१ च्या 'क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट'नें तेंहि उरूं दिलें नाहीं. या देशांत सुताराचा मुलगा सुतार आणि विणकराचा मुलगा विणकर होतो, त्या अर्थीं गुन्हा हाच ज्यांचा वंशपरंपरेचा धंदा आहे अशाहि जाति असल्याच पाहिजेत, असा युक्तिवाद तो कायदा करतांना मांडला गेला. मग सरकारनें एखादी जमात जाहीर करावी, तिच्यांतील माणसांची नोंदवही ठेवावी, परवान्यावांचून त्यांस ठिकाण सोडूं देऊं नये, आणि जाहीरनामा बरोबर कीं चूक हें विचारण्याचा अधिकार न्यायालयासहि नसावा, अशी व्यवस्था झाली. शब्द राहिला, चाळणी गेली. पोत्यावर 'खडे' अशी चिठ्ठी चिकटवावी आणि पोतें न उघडतांच बाजूस ढकलावें, तसा हा प्रकार.

आरंभीं हा कायदा उत्तर हिंदुस्थानांत लागू होता. १९११ च्या नव्या कायद्यानें त्याची कक्षा सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानापर्यंत वाढविली, बोटांचे ठसे घेण्याची तरतूद केली, आणि मुलांस आईबापांपासून काढून निराळ्या शाळांत ठेवण्याचा अधिकारहि सरकारास दिला. मुंबई इलाख्यांत वसाहतींचा प्रयोग ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्यानें विजापूर जिल्ह्यांत सुरू केला, आणि तेथून तो सोलापुरास आला. सोलापुरांत गिरण्या होत्या आणि गिरण्यांना मजूर हवे होते. येथील वसाहतीचा कारभार कांहीं काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. टोपल्या विणणारे कैकाडी, रानांत फासे लावणारे पारधी, तसेच भामटे, मांग-गारुडी, कंजारभाट अशा जमातींचीं कुटुंबें कांटेरी तारेच्या कुंपणाआड आणून ठेवण्यांत आलीं. यांतील कित्येकांचा जुना चरितार्थ आधींच मोडला होता. १८६० सालीं सोलापुरास आगगाडी आली आणि बैलांच्या पाठीवरून होणारी मालाची ने-आण मागें पडली. १८७८ च्या जंगल कायद्यानें रानांत मोकळेपणें हिंडणाऱ्यांवर निर्बंध घातले. वसाहतींत शाळा होती, घरें होतीं, कांहीं अधिकाऱ्यांच्या मनांत सुधारणेची तळमळहि होती. परंतु हजेरी चुकली तर शिक्षा होती, आणि पाहुण्याच्या गांवीं जावयाचें तर परवाना लागे.

या वसाहतींतील पुरुष आणि बायका सोलापूरच्या गिरण्यांत काम करूं लागलीं. भोंगा झाला कीं हातांत साचा घेणारा माणूस दिवसभर कामगार असे. घरीं परतून हजेरीस उभा राहिला कीं तोच माणूस गुन्हेगार होई. दोन्ही शब्दांचा प्रत्यय एकच. त्यांपैकीं पहिला त्यानें आपल्या हातांनीं मिळविलेला होता, आणि दुसरा त्याच्या आजोबाच्या जातीवरून त्यास मिळालेला होता.

मात्र याबद्दल सगळा दोष इंग्रजीच्या माथीं मारून मराठीस मोकळें होतां येणार नाहीं. 'भामटा' हें एका जमातीचें नांव; मराठीनें तें लबाड माणसाचें विशेषण करून टाकलें, आणि सुशिक्षितांच्या घरांतहि तें रागाच्या भरांत सहज तोंडीं येतें. 'पारध' या शब्दाचें मूळ हेमचंद्रानें बाराव्या शतकांतील आपल्या प्राकृत व्याकरणांत 'पापर्द्धि' असें दिलें आहे. म्हणजे शिकारीच्या नांवांत पाप पूर्वींच शिरलें होतें. इंग्रजानें जातीस गुन्ह्याचें विशेषण लाविलें. आपल्या भाषेनें जातीचेंच विशेषण केलें. फरक इतकाच कीं, आपल्या विशेषणामागें तारेचें कुंपण नव्हतें.

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांतानें १९४९ मध्यें हा कायदा रद्द केला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो सगळ्या देशांतून गेला. तोच दिवस या जमाती 'विमुक्त दिन' म्हणून पाळतात. कायद्यांत नवीन विशेषण आलें तें 'विमुक्त'. महाराष्ट्राच्या यादींत आज चौदा विमुक्त जाति आहेत. जुन्या विशेषणानें मात्र एकदम घर सोडलें नाहीं. 'सराईत गुन्हेगार' असा शब्द घेऊन निराळे कायदे झाले, आणि पोलिसी दप्तरांत व तुरुंगांच्या नियमावल्यांत जुनी समजूत नव्या शब्दाआड राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तुरुंगांतील जातीवरून होणारी कामाची वांटणी घटनाबाह्य ठरविली, आणि 'सराईत गुन्हेगार' हे शब्द कायद्यांतील व्याख्येपलीकडे कोणास लावूं नयेत असें बजाविलें. १८७१ सालीं बाजूस सारलेली चाळणी न्यायालयानें पुन्हां हातीं घेतली ती अशी.

सोलापूरच्या पत्त्यांत राहिलेला 'फ्री' हा शब्द त्याच काळचा आहे. वसाहतींत ज्यांची वागणूक चांगली ठरे, त्यांस कुंपणाबाहेर राहावयास जागा मिळे. ती 'फ्री कॉलनी'. एका विशेषणानें माणसें आंत घातलीं आणि दुसऱ्यानें तीं बाहेर काढलीं. तीं दोन्ही विशेषणें देणारा हात एकच होता, आणि ज्यांस तीं लाविलीं त्यांस कोणी विचारलें नव्हतें. त्या गिरण्यांचे भोंगे आतां थांबले आहेत, तारेचें कुंपणहि गेलें आहे. वस्तींत नव्या पिढीचीं मुलें शाळा-कॉलेजांत जातात, नोकरीचे अर्ज लिहितात, आणि पत्त्याच्या रकान्यांत 'सेटलमेंट' असें भरतात. तो पत्ता वाचणाऱ्यानें मनांतल्या मनांत त्याच्यापुढें जुनें विशेषण जोडलें नाहीं, म्हणजे १९५२ चा कायदा पुरता अंमलांत आला असें म्हणावें.