वंशावळीत न सापडलेली नावे

एज्राच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय आपल्या उपासनेत फारसा वाचला जात नाही. नावे आणि आकडे, नावे आणि आकडे. बाबेलच्या बंदिवासातून कोण कोण परत आले याची ती यादी आहे. पण ६१ ते ६३ या वचनांशी जरा थांबावे. याजकांच्या घराण्यांपैकी काही जणांनी आपली वंशावळीची नोंद शोधली आणि ती त्यांना सापडली नाही. म्हणून त्यांना याजकपणातून बाजूला ठेवण्यात आले. त्यांतल्या एका घराण्याच्या मूळपुरुषाने बर्जिल्लय गिलादी याच्या मुलीशी लग्न करून सासऱ्याचेच नाव घेतले होते. नाव बदलले की पुढच्यांना शोधणे किती कठीण होते, हे पवित्र शास्त्रातच लिहून ठेवले आहे. आणि अधिपतीचा निर्णयही पाहा. ते खोटे बोलतात असे तो म्हणत नाही. उरीम व थुम्मीम धारण करणारा याजक येईपर्यंत थांबा, एवढेच सांगतो.

भोपाळमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचताना बूर्बाँ घराण्याची आठवण होते. फ्रान्सच्या राजघराण्यातला जाँ फिलिप द बूर्बाँ नावाचा तरुण मायदेश सोडून १५६० च्या सुमारास अकबराच्या दरबारी आला आणि आम्ही त्याचे वंशज, असे हे घराणे सांगत आले. पुढे ग्वाल्हेर-नरवरकडच्या धामधुमीत त्यांचे घरदार गेले आणि वाचलेले भोपाळच्या आश्रयाला आले. इथे ते कारभारी झाले. बाल्थाझार बूर्बाँ, ज्याला भोपाळ शहजाद मसीह या नावाने ओळखत असे, तो संस्थानातला वजनदार माणूस होता. त्याची पत्नी इसाबेला. काही ठिकाणी तिचे नाव एलिझाबेथ असे येते, पण लोकांच्या तोंडी ती दुल्हन साहिबाच. १८६७ मध्ये रूसले हा फ्रेंच प्रवासी भोपाळला आला तेव्हा त्याने या कुटुंबाविषयी लिहिले. १८८७ मध्ये कर्नल किंकेड या राजकीय अधिकाऱ्याने इंग्रजी नियतकालिकात त्यांच्यावर लेख लिहिला. पण अकबराच्या दरबारातला तो पाहुणा आणि फ्रान्सचे राजघराणे यांना जोडणारा कागद कोणाला दाखवता आलेला नाही. मधली कडी घरातल्या सांगण्यावर उभी आहे. मला स्वतःला ती खोटी म्हणावीशी वाटत नाही आणि खरी म्हणण्याचाही अधिकार नाही. अधिपतीने दिले तेच उत्तर इथे बरे. या कुटुंबाने इथल्या ख्रिस्ती मंडळीला आधार दिला, तेवढे मात्र वंशावळीवाचूनही खरे आहे.

आता याच मुलखातल्या दुसऱ्या प्रकारच्या परदेशी माणसाकडे पाहू. हा राजघराण्यातला नव्हता. हा आयर्लंडचा शिपाई.

१८१८ च्या तहानंतर भोपाळजवळ सिहोरला इंग्रजांची छावणी बसली. पलीकडे महूची मोठी छावणी होती. या छावण्यांमधल्या गोऱ्या पलटणींत आयरिश माणसे भरपूर. १८२५ ते १८५० या काळात ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल लष्करात भरती झालेल्या गोऱ्यांपैकी जवळपास निम्मे आयरिश होते. कारण सरळ होते. घरी जमीन नव्हती, काम नव्हते. १८४५ पासून बटाट्याचे पीक कुजू लागले आणि दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली. पोटासाठी ज्यांना अमेरिका परवडली ते अमेरिकेला गेले. काहींनी कंपनीचा करार केला आणि ते आपल्याकडे आले.

हा शिपाई गरीब, पुष्कळदा निरक्षर, पण कागदावर तो बूर्बाँपेक्षा पक्का सापडतो. भरतीच्या नोंदीत त्याचा गाव, परगणा आणि धंदा लिहिलेला असे. त्याचे लग्न, मुलाचा बाप्तिस्मा आणि त्याचे दफन छावणीच्या चॅपलेनच्या वहीत उतरे. या वह्यांच्या नकला लंडनला पाठवण्याची पद्धत होती. मद्रासच्या नकला १६९८ पासून, मुंबईच्या १७०९ पासून आणि बंगालच्या १७१३ पासूनच्या, १९४८ पर्यंत, आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. सिहोर किंवा महूची नोंद शोधताना एकाच प्रेसिडेन्सीवर विसंबू नये, बंगाल आणि मुंबई दोन्ही पाहाव्यात. शिपाई कॅथलिक असेल तर अडचण जास्त. कॅथलिक नोंदींच्या नकला लंडनला उशिरा आणि अपुऱ्या गेल्या. मूळ वही जिथे आहे तिथेच जावे लागते. त्यातही भोपाळचा आर्चडायोसिस १९६३ चा. त्याआधीच्या काळासाठी आग्रा आणि इंदूरकडे विचारून पाहावे. छावणीच्या बाहेर, शहरात राहिलेल्यांविषयी संस्थानी दफ्तरात काही मिळू शकते. १९४९ पर्यंत भोपाळ वेगळे संस्थान होते आणि त्याचे कागद राष्ट्रीय अभिलेखागाराच्या भोपाळ कार्यालयात आहेत.

पलटणीच्या कागदालाही सगळे खरे सांगता येत नाही. जानेवारी १८५८ मध्ये सर ह्यू रोजचे सैन्य सिहोरहून राहतगड, सागर करत झाशीकडे गेले. त्यात तिसरी बॉम्बे युरोपियन रेजिमेंट होती आणि तिच्यात फ्रेडरिक व्हर्लपूल नावाचा शिपाई होता. ३ एप्रिलला झाशीत त्याने गोळीबारातून जखमींना उचलून आणले. २ मे रोजी लोहारीला एका अधिकाऱ्याला वाचवताना त्याला सतरा जखमा झाल्या. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. (झाशी म्हणजे आपल्या राणीचीच झाशी. तिच्या भिंतींआड मेलेल्यांची नावे कुठल्याच चॅपलेनच्या वहीत नाहीत, हे पूर्वज शोधताना विसरू नये.) तर हा व्हर्लपूल आयर्लंडमधल्या डंडॉक गावात वाढलेला, पण व्हर्लपूल हे त्याचे नावच नव्हते. भरती होताना त्याने ते घेतले होते. पुढे तो ऑस्ट्रेलियाला गेला. १८६१ मध्ये मेलबर्नला त्याला पदक देण्यात आले. मग त्याने ते नावही टाकले आणि न्यू साउथ वेल्समध्ये फ्रेडरिक हम्फ्री जेम्स म्हणून राहिला, मुलांना शिकवले आणि १८९९ मध्ये मेला. डंडॉकच्या वहीत व्हर्लपूल शोधणाऱ्याच्या हाती काय लागणार? बर्जिल्लयाच्या जावयाचीच गोष्ट.

आयर्लंडकडचा शोध आपल्याला वाटतो त्यापेक्षा सोपाही आहे आणि कठीणही. सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी तिथे सर्वांसाठी १८६४ मध्ये सुरू झाली. कॅथलिक सोडून इतरांचे विवाह १८४५ पासून नोंदले गेले. म्हणजे कंपनीच्या काळातल्या शिपायाचा जन्म सरकारी कागदात नाहीच, तो चर्चच्या वहीत. आणि इथे एक विलक्षण गोष्ट घडली. प्रॉटेस्टंट राजमान्य चर्चच्या शेकडो वह्या सुरक्षित राहाव्यात म्हणून डब्लिनच्या सरकारी दफ्तरखान्यात ठेवल्या होत्या. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात तो दफ्तरखाना जळाला, वह्या गेल्या, जुन्या जनगणनेचे कागदही गेले. कॅथलिक वह्या सरकारला नको होत्या म्हणून त्या खेडोपाडी फादरांच्या कपाटातच पडून होत्या. त्या वाचल्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये सुमारे १८८० पर्यंतच्या या वह्यांची छायाचित्रे सर्वांसाठी मोफत खुली केली. घरबसल्या मोबाईलवर पाहता येतात. नोंदी बहुधा लॅटिनमध्ये आहेत. पॅट्रिक तिथे पॅट्रिशियस असतो आणि जेम्स जॅकोबस. मात्र गावाचे आणि पॅरिशचे नाव हाती नसेल तर त्या ढिगात शिरू नये. ते नाव पुष्कळदा इथल्या भरतीच्या कागदातच मिळते. म्हणून शोध इथून तिकडे करावा, तिकडून इथे नव्हे.

माझ्या मते सगळ्यांत अवघड शोध त्या शिपायाचा नाहीच. त्याच्या बायकोचा आहे. छावणीत राहून इथल्याच मुलीशी लग्न केलेले आयरिश थोडे नव्हते. वहीत नवऱ्याचे नाव, पलटण, हुद्दा सगळे असते. तिच्यापुढे पुष्कळदा फक्त बाप्तिस्म्याचे नाव. मेरी किंवा अॅना. तिचे गाव नाही, आईबाप नाहीत, ती मराठी बोलत होती की बुंदेली तेही नाही. आपल्या मराठी ख्रिस्ती घरांतही हे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली व विधवा आपल्या आश्रयाला आणल्या. ठिकठिकाणच्या मिशन अनाथाश्रमांतही अशी मुले आली. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांनी वंशावळ लिहायला घेतली की एका बाप्तिस्म्यापाशी ती थांबते. पूर्वज म्हटले की जहागीरदार हवा असतो सगळ्यांना. इथे एक मुलगी असते आणि तिच्यामागे कोरे पान.

तरी वहीतली एक जागा लोक वाचायचे विसरतात. कॅथलिक बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्मपिता आणि धर्ममाता यांची नावे असतात, लग्नाच्या नोंदीत साक्षीदारांची. शिपायाच्या बाजूने उभे राहिलेले बहुधा पलटणीतलेच असतात. पण धर्ममाता पुष्कळदा आईच्या बाजूची असते. तिची बहीण, मावशी, शेजारीण. आईचे आडनाव जिथे नाही तिथे या बाईचे असू शकते. त्या एका कुटुंबाच्या सगळ्या मुलांचे बाप्तिस्मे काढावेत, प्रत्येक वेळी कोण उभे राहिले ते एका कागदावर मांडावे, मग तीच नावे त्याच चर्चच्या आधीच्या वीस वर्षांच्या लग्नांत आणि दफनांत शोधावीत. वेळ लागतो. पाने ठिसूळ असतात, शाई पुसट असते, म्हणून पाळकसाहेबांना किंवा फादरांना आधी पत्र लिहून वर्ष आणि नाव कळवावे आणि वही त्यांच्यासमोरच उघडावी.