सिएनाच्या भिंती
जुन्या इमारतींच्या डागडुजीत हयात गेल्यामुळे माझी नजर आधी भिंतीवर जाते. तस्कनीतल्या डोंगरमाथ्यावरच्या सिएना शहरात, कांपो चौकात उभी होते तेव्हाही तसंच झालं. भोवतालच्या खिडक्या एकमेकींशी जुळतात: मोठ्या कमानीच्या पोटात दोन-तीन लहान कमानी, मधे नाजूक दगडी खांब. हे आपोआप घडलेलं नाही. १२९७ साली नगराने नियमच केला, की चौकाकडे तोंड असलेल्या घरांना अशाच खांबांच्या खिडक्या हव्यात, सज्जे नकोत. नगराची स्वतःची इमारत, पालाझ्झो पुब्लिको, त्याच सुमारास चढत होती. सौंदर्यासाठी कायदा करणाऱ्या त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

पण माझा जीव अडकला तो विटांमधल्या चौकोनी भोकांत. गवंडी भिंत रचताना परांचीचे आडवे वासे त्यांत खोवत. वासे निघाले, भोकं राहिली. पुढच्या दुरुस्तीला तीच कामी येत. हात घातला तर कडेच्या विटा आजही पक्क्या लागतात.

जुन्या वाड्यांच्या दर्शनी भिंतींत लोखंडी कड्या आहेत, घोडे बांधायच्या. मशाली आणि निशाणं अडकवायचे घडीव आकडे त्यांच्या वर.