बर्फातला धागा

चंदीगडला पोस्टिंग आल्यापासून पहाटे जाग येते ती वायुदलाच्या मालवाहू विमानांच्या आवाजाने. लेह आणि थोइसची रसद इथूनच जाते. वरच्या जवानाचं रेशन, औषधं, बूट असं बरंच काही आधी या धावपट्टीवर येतं. त्यातलं खाली किती परततं, हा प्रश्न मी तरुणपणी स्वतःला कधी विचारला नाही.

1924 मध्ये मॅलरी एव्हरेस्टवर गेला तो लोकर, रेशीम, सुती कापड आणि गॅबर्डिन घालून. नायलॉन जगापुढे आलं 1938 मध्ये. 1953 मध्ये हिलरी आणि तेनसिंग शिखरावर पोचले, तोवर नायलॉनचे दोर गिर्यारोहणात रुळले होते. 13 एप्रिल 1984 ला, बैसाखीच्या दिवशी, ऑपरेशन मेघदूत सुरू झालं आणि आपले जवान सियाचेनवर उतरले. तेव्हापासून तिथली वस्ती हलली नाही.

त्या थंडीत काही कुजत नाही. जेरीकॅन, पाकिटं, पॅराशूटच्या दोऱ्या बर्फाखाली जातात, एवढंच. पण हिमनदी ही नदीच आहे. ती सावकाश सरकते, वितळते आणि पोटातलं सगळं नुब्रेला देते. नुब्रा श्योकला मिळते, श्योक सिंधूला. हे ओळखून लष्कराने मोहीम काढली आणि 2018 पासून दीडेक वर्षात सुमारे 130 टन कचरा खाली आणला.

उचलता येतो तो कचरा. 2019 मध्ये एव्हरेस्टवर घेतलेल्या बर्फाच्या नमुन्यांत, थेट 8,440 मीटरवरही, सूक्ष्म प्लास्टिक सापडलं. त्यात बहुतांश पॉलिएस्टरचे तंतू होते. कपडे, तंबू, दोर यांतून झडणारे.

हे वाचलं आणि माझी जुनी पोस्ट आठवली. आम्ही तंबूबाहेरचा बर्फ डब्यात भरून स्टोव्हवर वितळवायचो आणि त्याचाच चहा प्यायचो. तो बर्फ खरवडताना जॅकेटची बाही घासायची. तेच जॅकेट आम्हाला जिवंत ठेवत होतं.

जवानाला पुन्हा लोकर आणि गॅबर्डिनवर धाडा, असं कुणी म्हणणार नाही, मीही नाही. पण खोक्यावरचं प्लास्टिकचं वेष्टन इथेच, चंदीगडला काढता येतं. फाटका तंबू, तुटका दोर परतीच्या फेरीत मोजून आणता येतो. झडलेला धागा मात्र परत आणता येत नाही. म्हणून वर काय पाठवायचं, याचा हिशोब इथेच, विमान भरण्याआधी व्हायला हवा.