मैदान कोणाचे, पावणी कोणाची?

सदलग्याच्या जत्रेत कुस्ती लागली की ती कुस्ती नेमकी कोणाची असते? लढणाऱ्या पैलवानांची? वर्गणी काढून मैदान भरवणाऱ्या पंचांची? इनाम लावणाऱ्या शेठची? की दुपारपासून उन्हात जागा धरून बसलेल्या लोकांची? पूर्वी हा प्रश्न कोणाला पडत नसे, कारण त्याचे उत्तर शोधून कोणाच्या पदरात काही पडणार नव्हते. निकाल लागला, फेटा बांधला, हलगी थांबली, की कुस्ती संपली. मागे उरे ती आठवण, आणि आठवणीचा लिलाव होत नसतो. आता मात्र होतो. कॅमेरा लागला की खेळ मैदानाबाहेर जातो, आणि बाहेर गेलेल्या खेळाला भाव येतो. भाव आला म्हणजे मालक कोण हे ठरवावे लागते. हा लेख त्या ठरवाठरवीच्या इतिहासाबद्दल आहे.

सदलगा हे चिकोडी तालुक्यातले, दूधगंगेच्या काठचे गाव. आचार्य विद्यासागर महाराजांचे जन्मगाव म्हणून जैन समाजात ते देशभर ठाऊक आहे. नदी ओलांडली की शिरोळ तालुका, म्हणजे महाराष्ट्र. १९५६ पर्यंत दोन्ही काठ मुंबई राज्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ ला अलीकडचा काठ म्हैसूर राज्यात गेला. आमची मावशी तिथे दिलेली, त्यामुळे आमचे येणेजाणे आहे. एकाच घरात कानडी आणि मराठी दोन्ही बोलतात, आणि रेडिओ धारवाडही लावतात नि सांगलीही. राज्याची सीमा माणसांना अडवते, सातबाऱ्याला अडवते, कॉलेजच्या प्रवेशालाही अडवते. हवेतल्या लहरींना ती अडवू शकत नाही. ही साधी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सर्वोच्च न्यायालयाला याच मुद्द्यावर निकाल द्यावा लागला.

आम्हा गोंयकारांना हा विषय समजायला खरे तर अवघड जाऊ नये. आपल्याकडे गांवकरी होती, पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद म्हटले. १५२६ च्या अफोंसो मेशियाच्या फोरालमध्ये त्यांनी ही पद्धत लिहून काढली, पण ती त्यांच्या कितीतरी आधीची. जमीन एकट्याची नव्हे, गावाची. शेते पावणीला काढायची, जो जास्त बोली लावील त्याने ती ठरलेल्या मुदतीपुरती कसायची. आलेल्या पैशातून आधी देऊळ, बांध, मानशी यांचा खर्च, आणि उरेल ते गांवकारांना जोण म्हणून. पद्धत सुबक होती. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची: चिखलात उतरून प्रत्यक्ष राबणारा बहुधा जोणीच्या यादीत नसे.

खेळाच्या प्रक्षेपण हक्कांची गोष्ट हीच आहे, आणि तिचा सर्वांत मोठा खटला घडला तो अमेरिकेतल्या कॉलेजांच्या मैदानावर.

तिथे कॉलेजचा फुटबॉल (आपला नव्हे, हातात चेंडू घेऊन पळण्याचा) आपल्याकडच्या क्रिकेटइतका लोकप्रिय. दूरदर्शन संच घरोघरी येऊ लागले तेव्हा कॉलेजांना धास्ती वाटली, की सामना घरबसल्या दिसला तर तिकीट कोण काढणार? म्हणून १९५१ साली एनसीएए या त्यांच्या शिखर संस्थेने ठरवले, की सामने दाखवण्याचा हक्क एकेका कॉलेजने विकायचा नाही. सगळ्यांच्या वतीने संस्थाच विकेल, आणि मोजकेच सामने दाखवले जातील. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ तेव्हा आपले सामने स्वतःच विकत असे. त्याने आडमुठेपणा केला, पण बहिष्काराची भीती दाखवताच तेही गप्प बसले.

ही गांवकरी तीस वर्षे चालली. तिच्यात एक गमतीदार समता होती. १९८१ साली एका शनिवारी ओक्लाहोमा आणि सदर्न कॅलिफोर्निया या बड्या विद्यापीठांचा सामना दोनशेहून अधिक केंद्रांवरून दिसला, आणि सिटाडेल व अपालाचियन स्टेट या लहान कॉलेजांचा फक्त चार केंद्रांवरून. चारही संघांना पैसे मात्र सारखेच मिळाले. बड्यांना हे कसे रुचावे? ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठे न्यायालयात गेली. २७ जून १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला, की एनसीएएची ही व्यवस्था म्हणजे मक्तेदारी आहे आणि ती बेकायदा आहे. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः कॉलेजचे नामांकित फुटबॉलपटू होते. कॉलेजचा खेळ हा निव्वळ धंदा नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते.

निकालानंतर प्रत्येकाची पावणी वेगळी झाली. सामने भरमसाट दिसू लागले, त्यामुळे सुरुवातीला भाव पडला. मग कॉलेजांनी प्रदेशवार गट करून एकत्र विक्री सुरू केली. या गटांना तिथे ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाने तर १९९१ पासून आपल्या घरच्या मैदानावरचे सामने एकट्यानेच एनबीसीला विकले. ‘बिग टेन’ या गटाने २०२३ पासूनच्या सात वर्षांसाठी सुमारे सात अब्ज डॉलरचा करार केला. पश्चिम किनाऱ्यावरच्या ‘पॅक-१२’ या जुन्या गटाला चांगला करार मिळाला नाही, तर बारापैकी दहा विद्यापीठे त्याला सोडून गेली. शंभर वर्षांचा शेजार टीव्हीच्या पैशासाठी मोडला.

आणि राबणारा? खेळाडू विद्यार्थी आहे, हौशी आहे, त्याला शिष्यवृत्ती मिळते ती पुरे, असे संस्था सांगत राहिली. प्रशिक्षकाचा पगार कोट्यवधींत गेला तरी उत्तर तेच. अखेर खेळाडूच न्यायालयात गेले, आणि जून २०२५ मध्ये तडजोड मंजूर झाली. मागच्या काळासाठी सुमारे २.८ अब्ज डॉलर भरपाई, आणि पुढे प्रत्येक विद्यापीठाला पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना थेट देण्याची मुभा. आपल्याकडे १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा आला, त्याची इथे आठवण यावी. कसणाऱ्याचे नाव कागदावर यायला सगळीकडेच वेळ लागतो.

आता आपल्याकडे वळू. आपल्या विद्यापीठीय खेळाचा इतिहास काही लहान नाही. रोहिंटन बारिया करंडकासाठी आंतरविद्यापीठ क्रिकेट १९३५ पासून सुरू झाले. अजित वाडेकर, सुनील गावसकर हे मुंबई विद्यापीठाकडून खेळूनच वर आले. पण त्या सामन्यांचे हक्क कोणी विकल्याचे ऐकिवात नाही. विकणार कोणाला? १८८५ च्या तार कायद्यानुसार प्रक्षेपणाचा अधिकार सरकारचा, आणि दूरदर्शन हे एकच दुकान. नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत परिस्थिती अशी, की सामना दाखवायचा तर क्रिकेट मंडळानेच दूरदर्शनला पैसे द्यायचे! १९९३ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात मंडळाने पहिल्यांदा टीडब्ल्यूआय या परदेशी कंपनीला हक्क विकले, तेव्हा उलटी गंगा सुलटी झाली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात बंगालच्या क्रिकेट संघटनेने हीरो कप भरवला आणि हक्क टीडब्ल्यूआयला दिले. दूरदर्शन बिनसले. परवान्याचा प्रश्न काढला गेला, कंपनीची यंत्रसामग्री कस्टमने अडवून धरली, प्रकरण कोर्टात गेले. शेवटी न्यायालयाच्या आदेशाने सामने दिसले. इडन गार्डन्सवरच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्या असताना तेंडुलकरने चेंडू हातात घेतला आणि आपण दोन धावांनी जिंकलो, हे आमच्या पिढीतला कोण विसरेल? ते षटक आपल्याला दिसले, त्यामागे एवढी कज्जेदलाली होती.

त्या खटल्याचा निकाल ९ फेब्रुवारी १९९५ ला लागला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत या मराठी माणसाचे. त्याचा सारांश असा: हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारची खाजगी जहागीर नव्हे आणि पैसेवाल्याचीही नव्हे. तिचे नियमन स्वतंत्र सार्वजनिक संस्थेने करावे. सामना भरवणाऱ्याला तो दाखवण्याचा अधिकार आहे, तसा पाहणाऱ्यालाही पाहण्याचा अधिकार आहे. सदलग्याच्या घरातला रेडिओ धारवाड नि सांगली दोन्ही पकडतो, त्या अनुभवाला कायद्याचे शब्द मिळाले असे मला वाटते.

निकालाचा पहिला अर्धा भाग आपण पटकन उचलला, दुसरा विसरलो. २००७ च्या जानेवारीत वेस्ट इंडीजविरुद्धचे एकदिवसीय सामने खाजगी वाहिनीकडे होते. ज्यांच्या घरी ती वाहिनी नव्हती त्यांनी काय करायचे? दिल्ली उच्च न्यायालयाने दूरदर्शनला सात मिनिटे उशिराने सामना दाखवायची परवानगी दिली. शेजारच्या घरात आरडाओरडा झाला की सात मिनिटांनी आपल्याकडे विकेट पडणार, असा प्रकार. मग सरकारने आधी वटहुकूम आणि मागाहून कायदा केला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यायचे, आणि जाहिरातीच्या उत्पन्नातले दूरचित्रवाणीचे ७५ टक्के हक्कदाराला व २५ टक्के प्रसार भारतीला, तर रेडिओचे निम्मे निम्मे.

माझा दिवस निविदांच्या फायलींत जातो, म्हणून मला या व्यवहारातली वाटणी फार बोलकी वाटते. पूर्वी हक्क म्हणजे एक गठ्ठा असे. २०२२ साली आयपीएलचे पुढच्या पाच वर्षांचे हक्क विकले तेव्हा त्याचे चार गठ्ठे केले: भारतातील टीव्ही, भारतातील इंटरनेट, निवडक सामन्यांचे इंटरनेट, आणि परदेश. एकूण ४८,३९० कोटी रुपये आले. त्यात टीव्हीचे २३,५७५ कोटी आणि इंटरनेटचे २०,५०० कोटी, म्हणजे मोबाइल जवळपास टीव्हीच्या बरोबरीला आला. एकाच शेताची पावणी, पण वायंगण वेगळे, सरद वेगळे, बांधावरचे माडही वेगळे! आणि ज्या कबड्डीला आपण गरिबाघरचा खेळ म्हणत होतो, त्या प्रो कबड्डीच्या पाच हंगामांचे हक्क २०२१ साली ९०८ कोटींना गेले.

या पावणीत आपलेही काही गेले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० च्या डिसेंबरात आपले व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी ७०० कोटींना एका कंपनीकडे दिले. त्यातून २०१४ साली इंडियन सुपर लीग आली, एफसी गोवा आला, फातोर्ड्याला रोषणाई झाली. पण नवी लीग वर आणि जुनी आय-लीग खाली असा आराखडा पुढे आला, तेव्हा २०१६ साली धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा या तिघांनी आय-लीग सोडली. धेंपोने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवले होते. मैदानावर कोणी त्यांना हरवून बाहेर काढले नाही, कागदावरच्या व्यवहाराने ते बाहेर पडले. धेंपोला आय-लीगमध्ये परतायला २०२४ उजाडले. हक्क विकताना नुसती रक्कम बघायची नसते, त्या विक्रीनंतर गावात कोण उरणार हेही बघायचे असते, हे आपण गोंयकारांनी तरी विसरू नये.

कॉलेजच्या खेळाचे काय? आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ भरवतो, आणि २०२० पासून खेलो इंडियाच्या विद्यापीठ स्पर्धाही सुरू झाल्या. पण खरी उलथापालथ खाली चालू आहे. सीमाभागात आता कुस्तीचे मैदान असो की कबड्डीची स्पर्धा, एक पोरगा तिपाईवर मोबाइल लावून बसलेला असतो आणि खेळ थेट जगभर दिसतो. दुबईतला सदलगेकर तिथून पाहतो. हे चांगलेच आहे. जुन्या काळी कोल्हापूरच्या खासबागेत कुस्ती पाहायची तर बैलगाडीने जावे लागे. १९१२ साली शाहू महाराजांनी ते मैदान बांधले तेच अशा उताराचे, की शेवटच्या माणसालाही आखाडा दिसावा. मोबाइल तोच उतार आणखी लांब नेतो.

पण त्या प्रक्षेपणाच्या जाहिरातीचे पैसे येतात, थोडे का होईना. ते कोणाचे? सदलग्याचा मुलगा चिकोडीच्या कॉलेजकडून खेळला तर २०१० पासून तो बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाचा, त्याआधी धारवाडचा. नदी ओलांडून शिकायला गेला तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा. त्याच्यावर हक्क सांगायला दोन राज्ये आणि दोन विद्यापीठे आहेत. त्याचा हक्क लिहिलेला कागद मात्र कुठल्याच कपाटात नाही. गुडघा गेला तर औषधाचा खर्च घरचा.

अमेरिकेने आधी अब्जावधी जमवले आणि खेळाडूचा वाटा ठरवायला १९५१ पासून २०२५ पर्यंत चौऱ्याहत्तर वर्षे घालवली. आपल्याकडे अजून रक्कम लहान आहे, म्हणून भांडण न होता ठरवण्याची हीच वेळ आहे. कॉलेजांनी आणि जत्रेच्या पंचांनी कॅमेऱ्याला परवानगी देताना एक साधा कागद करावा. त्यात तीनच कलमे असावीत: प्रक्षेपण किती मुदतीसाठी दिले, पाहणाऱ्याला ते फुकट दिसेल का, आणि आलेल्या पैशातला किती भाग खेळाडूंच्या औषधोपचारासाठी बाजूला ठेवायचा. असा कागद लिहायला वकील लागत नाही, माझ्यासारखा एखादा कारकून पुरे.