धर्मगुरूंवाचून दोनशे वर्षे

पवित्र शुक्रवारी मंजूषा रिकामी असते, तिच्याजवळचा दिवा विझलेला असतो. त्या दिवशी मंदिरात येणारे आमचे धर्मग्रामस्थ सवयीने गुडघा टेकू लागतात आणि मध्येच थबकतात. त्यांचे ते थबकणे पाहून आम्हांस दरवर्षी जपानमधील नागासाकीची आठवण होते. तेथील भाविकांनी हे रितेपण दोनशेहून अधिक वर्षे सोसले.

नागासाकीशी आपले नाते जुने आहे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर रक्तसाक्षी झाले. ते धर्मगुरू नव्हते, फ्रान्सिस्कन संघाचे धर्मबंधू होते. पुढे १६१४ साली शोगुनांच्या राजवटीने देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. परदेशी धर्मगुरूंना हाकलण्यात आले आणि जे लपून राहिले ते एकेक करून पकडले गेले. शेवटचे धर्मगुरू फादर मान्सिओ कोनिशी १६४४ साली मारले गेले. त्यानंतर मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, अंत्यसमयी अभ्यंगही नाही. अधिकारी प्रभूची किंवा पवित्र मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवीत आणि गावकऱ्यांना तिच्यावर पाय द्यावयास लावीत. पुष्कळांनी तो दिला. घरी परतून ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत, कारण क्षमेचे शब्द उच्चारणारे कोणी उरले नव्हते.

तरीही नागासाकीजवळच्या ऊराकामी खेड्यात भाविकांनी आपली घडी बसविली होती. एक जण सणावारांचे पंचांग सांभाळी, दुसरा अर्भकांना स्नानसंस्कार देई, तिसरा घरोघरी निरोप पोचवी. दिवसा शेतकरी, रात्री ख्रिस्तसभा! लॅटिन प्रार्थनांचे शब्द पिढ्यान्‌पिढ्या झिजत गेले, अर्थ धूसर झाला. पण ओठ थांबले नाहीत.

परदेशी व्यापाऱ्यांसाठी देशाची बंदरे उघडली, तेव्हा फ्रेंच धर्मगुरू आले आणि ओउरा येथे त्या सव्वीस रक्तसाक्षींच्या नावे मंदिर उभे राहिले. १७ मार्च १८६५ रोजी ऊराकामीची काही माणसे तेथे आली. फादर पेतिजाँ प्रार्थना करीत असता एका स्त्रीने जवळ येऊन हलकेच सांगितले, की आमचे हृदय तुमच्यासारखेच आहे. लगेच तिने पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे असे विचारले. (मंजूषेविषयी नव्हे; आम्हां धर्मगुरूंस हे जरा टोचते!) मंडळींनी असेही सांगितले, की सध्या दुःखाचा काळ चालू असून आज त्याचा सतरावा दिवस आहे. त्या वर्षी राखेचा बुधवार १ मार्चला होता. हिशेब एका दिवसानेही चुकला नव्हता.

दोघे-तिघे माझ्या नावाने जमतील तेथे मी आहे, हे प्रभूचे वचन आम्ही सेमिनरीत पाठ केले होते. मंदिरे पाडून टाकलेल्या देशात ते किती शब्दशः खरे ठरले, हे मात्र पुष्कळ उशिरा उमगले. याचा अर्थ ख्रिस्तप्रसाद अनावश्यक होता असा नव्हे. त्याची भूक नसती, तर धर्मगुरू दिसताच ती माणसे धावत आलीच नसती. पण प्रभू आमच्या हातांची वाट पाहत खोळंबला नव्हता, हेही तितकेच खरे.

काही कुटुंबे ख्रिस्तसभेत परतली नाहीत. पूर्वजांनी जीव धोक्यात घालून जपलेली रीत त्यांना सोडवेना. त्यांना हट्टी म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही.

परतणाऱ्यांवर मात्र लवकरच संकट कोसळले. बंदी अद्याप उठली नव्हती. ऊराकामीचे तीन हजारांहून अधिक भाविक दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार झाले आणि शेकडो तेथेच दगावले. १८७३ साली उरलेल्यांना घरी परतण्याची मुभा मिळाली. ज्या गावप्रमुखाच्या वाड्यात त्यांच्या वाडवडिलांना प्रतिमेवर पाय द्यावा लागला होता, त्याचीच जागा त्यांनी विकत घेतली आणि तेथे आपले मंदिर बांधले.