वसईची मिठागरे (एकोणिसावे शतक)

वसईची मिठागरे : समुद्राचे पाणी उन्हात आटवून मीठ पिकवण्याची खाडीकाठची आगरे. दक्षिणेस उल्हास नदीच्या मुखाची वसई खाडी आणि उत्तरेस वैतरणा नदी यांमधल्या सखल, भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीवर ती उभी राहिली. नायगाव, जूचंद्र, राजावली या गावांचा मिठाशी संबंध आजही सांगितला जातो.

हा प्रदेश 1534 पासून पोर्तुगीजांकडे होता आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या विजयानंतर मराठ्यांकडे आला. 1817-18 मध्ये तो इंग्रजांकडे गेला. खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याखाली जाणाऱ्या, जमिनीला बांध घालून ती लागवडीखाली आणणाऱ्यांना त्या जमिनीवर शिलोत्री हा मालकीवजा हक्क मिळण्याची चाल जुनी होती. प्रत्यक्ष राबणारा मात्र बहुतेक आगरी समाजाचा. पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात मीठ, असे त्याचे वर्ष दोन पिकांत विभागलेले असे.

पाऊस सरला की पहिले काम बांधांचे. खेकड्यांनी पोखरलेले आणि पावसाने खचलेले बांध चिखलाने बुजवत. मग उधाणाची तिथी पाहून उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, खाडीचे पाणी बाहेरच्या मोठ्या साठवणीत घेत. तिथून ते एकेका वाफ्यात पुढे सरके आणि दाट होत जाई. शेवटच्या वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून व चोपून घट्ट केलेला असे, नाहीतर मिठात माती येई. मीठ धरू लागले की लाकडी दांड्याच्या फळीने ते ओढून काठावर घेत, निथळू देत आणि पाट्यांतून डोक्यावरून राशीपर्यंत नेत. हे ओझे वाहणाऱ्यांत बायकांचा वाटा मोठा होता. राशीवर गवताचे आणि चिखलाचे आच्छादन घालत. अवकाळी पावसाची एक सर महिनाभराची मेहनत विरघळवून टाकी. खाऱ्या पाण्यात दिवसभर उभे राहिल्याने तळपाय भेगाळत, जखमा चिघळत आणि पांढऱ्या वाफ्यांवरून परावर्तित होणारे ऊन डोळ्यांना बाधे. पिण्याचे पाणी बहुधा दुरून आणावे लागे.

कारभार बदलला तो करामुळे. 1837 च्या कायद्याने मुंबई इलाख्यात मिठावर मणामागे आठ आणे उत्पादन कर बसला. 1844 मध्ये तो वाढताच सुरतेत दंगे उसळले. 1882 मध्ये दर देशभर बहुतांशी सारखा, मणाला दोन रुपये, करण्यात आला आणि 1888 मध्ये अडीच रुपयांवर गेला. मण म्हणजे सुमारे 37 किलो. मीठ पिकवण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट हा कर होता. त्याच्या वसुलीसाठी लहान, विखुरलेली आगरे बंद करण्यात आली. उरलेल्या आगरांवर चौक्या व शिपाई आले आणि मोजदाद व कर भरणा झाल्याखेरीज मीठ हलवता येईना. 1890 च्या मुंबई मीठ कायद्याने परवान्यावाचून मीठ करणे तर सोडाच, खारी माती उकरून घेणेही गुन्हा ठरले. ज्याच्या हाताने रास उभी राहिली, त्याने घरच्या भाताकरिता तिच्यातले मूठभर घेतले तरी तो चोर! या व्यवस्थेचा सर्वांत अन्याय्य भाग हाच होता.

मीठ मचव्यांतून खाडीमार्गे बाहेर पडे. 1864 मध्ये बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे वसईवरून मुंबईपर्यंत पोहोचली, तेव्हा रुळांची वाटही मिळाली. त्याच रुळांनी 1870 नंतर कच्छच्या रणाकाठच्या खाराघोडा येथील सरकारी मीठही बाजारात आणले. इंग्लंडच्या चेशर परगण्यात खाऱ्या पाण्याखाली दगडी कोळसा जाळून मीठ काढत आणि ते लिव्हरपूलहून बंगालमध्ये उतरवत, त्यामुळे तेथील देशी मीठ मागे पडले. कोकणात तसे घडले नाही, कारण येथे जळण म्हणून केवळ ऊन होते. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना मासळी खारवण्यासाठी सवलतीचे मीठ मिळावे म्हणून इलाख्यात सरकारी मासळी-खारवण आवारे उघडली गेली, पण स्वयंपाकाच्या मिठाला तशी सूट नव्हती.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1902 च्या अर्थसंकल्पीय भाषणात मिठाच्या करावर आकडेवारीनिशी हल्ला चढवला. 1903 मध्ये दर दोन रुपयांवर, 1905 मध्ये दीड रुपयावर आणि 1907 मध्ये एका रुपयावर आला. अखेर हा कर 1 एप्रिल 1947 रोजी रद्द झाला.

वसई-विरार महानगरपालिका 2009 मध्ये स्थापन झाली. वाढत्या शहरात बरीच मिठागरे बंद पडली आहेत. भरतीचे व पावसाचे पाणी सामावणाऱ्या या जमिनींवर भराव पडला, तर पूर वस्त्यांत शिरतो. जुलै 2018 च्या पुरात वसईच्या मिठागर वस्तीतील कुटुंबे पाण्याने वेढली गेली होती.