स्विच बसविण्याआधी आराखडा हवा

अमेरिकेतील बॉस्टन शहरात बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटर हे नामांकित रुग्णालय आहे. नोव्हेंबर २००२ मध्ये या रुग्णालयाचे संगणकीय जाळे कोलमडले आणि सुमारे चार दिवस तेथील डॉक्टर, परिचारिकांना सारा कारभार कागदावर करावा लागला. विषाणूचा हल्ला झाला नव्हता की एखादे महागडे यंत्रही जळाले नव्हते. वर्षानुवर्षे गरजेप्रमाणे एका स्विचला दुसरा जोडत गेल्याने जाळे आपल्या मर्यादेपलीकडे पसरले होते. माहितीचा मोठा लोंढा आला तेव्हा त्याला तो पेलला नाही. रुग्णालयाचे तत्कालीन माहिती-तंत्रज्ञान प्रमुख जॉन हलाम्का यांनी ही हकिगत न लपविता जगापुढे मांडली.

चाळीस-पन्नास कर्मचाऱ्यांच्या कार्यालयाचा पसारा रुग्णालयाएवढा नसतो, पण चुकीची जातकुळी तीच असते. एकेक संगणक वाढतो, टेबलाखाली आठ पोर्टची छोटी पेटी येते, तिला आणखी एक पेटी जोडली जाते. मग ऐन मार्चअखेरीस हिशेबाचे संगणक एकाएकी अडतात आणि दोष नेमका कोठे आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणूनच स्विचची खरेदी हे शेवटचे काम समजावे. आराखडा हे पहिले.

स्विच करतो काय?

या स्विचचा विजेच्या बटणाशी संबंध नाही. संगणक, छपाईयंत्रे, फोन, कॅमेरे यांना एकत्र जोडणारी ही पेटी म्हणजे कार्यालयाची टपाल वाटणारी खिडकीच होय. प्रत्येक उपकरणाला एक ठराविक ‘मॅक’ पत्ता असतो. कोणत्या पोर्टवर कोणता पत्ता आहे, हे स्विच येणाऱ्या माहितीवरूनच शिकतो आणि त्यानंतर एकासाठीचे पाकीट त्यालाच देतो. पूर्वीचे ‘हब’ प्रत्येक पाकीट सर्वांकडे पाठवीत, त्यामुळे संगणक वाढले की जाळे मंदावत असे.

इथरनेटसाठीचा पहिला व्यापारी स्विच १९९० मध्ये ‘कल्पना’ नावाच्या अमेरिकी कंपनीने आणला. त्याला सात पोर्ट होते. कंपनीच्या संस्थापकांत भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज होते. ‘सिस्को’ने १९९४ मध्ये ती विकत घेतली.

आधी मोजदाद

आराखड्याची सुरुवात कार्यालयाचा नकाशा आणि पेन्सिल यांनी करावी. उदाहरणादाखल ४० कर्मचाऱ्यांचे कार्यालय घेऊ. टेबलांसाठी ४० जोडण्या, छपाईयंत्रे ४, वायफायचे अॅक्सेस पॉइंट ४, कॅमेरे ८, हजेरीयंत्र १, सर्व्हर १ आणि राउटर १, अशी बेरीज ५९ होते. टेबलावरच्या फोनमधून संगणकाला जोडणी देता येत असल्याने फोनसाठी वेगळा पोर्ट धरलेला नाही. पुढील वाढीसाठी निदान २० टक्के, म्हणजे १२ पोर्ट राखून ठेवले की आकडा ७१ वर जातो.

ही गरज एक ४८ आणि एक २४ पोर्टचा स्विच घेऊन भागते. २४ पोर्टचे तीन घेतले तरी पोर्ट तितकेच मिळतात. शिवाय एक बिघडल्यास तिसराच भाग बंद पडतो. मात्र स्विच परस्परांना जोडण्यासाठी स्वतंत्र जलद पोर्ट असलेलेच मॉडेल निवडावे, अन्यथा राखीव पोर्ट त्यातच खर्ची पडतात. चोवीस संगणकांना प्रत्येकी १ गिगाबिट वेग देऊन त्या सर्वांची वाट १ गिगाबिटच्या एकाच केबलवर आणून सोडणे म्हणजे चौपदरी रस्ता बोळात नेणे होय. स्विचमधील जोडणी १० गिगाबिटची असल्यास ही कोंडी टळते. तसेच तिन्ही स्विच एकामागोमाग साखळीने न जोडता एक मध्यवर्ती ठेवून बाकीचे थेट त्यालाच जोडावेत.

केबलची मर्यादा

तांब्याच्या केबलला १०० मीटरची मर्यादा आहे. त्यांपैकी ९० मीटर भिंतीतील व छतावरील कायमच्या केबलसाठी आणि १० मीटर दोन्ही टोकांच्या लवचीक तुकड्यांसाठी धरतात. केबल छताकडे चढते, वळते आणि पुन्हा खाली उतरते, म्हणून अंतर सरळ रेषेत न मोजता तिच्या मार्गाने मोजावे. ‘कॅट ५ई’ केबल १ गिगाबिटला पुरते. १० गिगाबिट पूर्ण १०० मीटर न्यायचे असल्यास ‘कॅट ६ए’ लागते.

स्वस्त म्हणून तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल घेऊ नये. तिचा विद्युत रोध अधिक असल्याने ती तापते आणि फोन-कॅमेऱ्यांना वीज पुरविताना दगा देते. माहितीची केबल विजेच्या वायरींसोबत एकाच पाइपातून नेऊ नये. ओलांडणे भागच पडले तर काटकोनात ओलांडावी. दोन इमारती जोडायच्या असल्यास तांब्याऐवजी ऑप्टिकल फायबर वापरावे. फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे पावसाळ्यात जवळपास वीज कोसळली तरी तिचा झटका या मार्गाने एका इमारतीतून दुसरीत जात नाही.

केबलमधून वीज

फोन, कॅमेरे आणि अॅक्सेस पॉइंट यांना स्विचच वीज पुरवू शकतो. या सोयीला ‘पॉवर ओव्हर इथरनेट’ म्हणतात. २००३ च्या मानकानुसार स्विचच्या एका पोर्टमधून १५.४ वॉट, २००९ च्या मानकानुसार ३० वॉट, तर २०१८ च्या मानकानुसार ९० वॉटपर्यंत वीज मिळते.

येथेच अनेकांची फसगत होते. चोवीसही पोर्टना प्रत्येकी ३० वॉट द्यायचे तर ७२० वॉट लागतील. पण बाजारातील अनेक २४ पोर्टच्या स्विचची एकूण क्षमता १९५ किंवा ३७० वॉटच असते. वरील कार्यालयातील ४० फोनना प्रत्येकी ७ वॉट, ४ अॅक्सेस पॉइंटना प्रत्येकी ३० वॉट आणि ८ कॅमेऱ्यांना प्रत्येकी १५.४ वॉट धरले तर बेरीज सुमारे ५२३ वॉट होते. ती तिन्ही स्विचवर सारखी वाटली, तर प्रत्येकी १७५ वॉटच्या आसपास भार येतो. १९५ वॉटचा स्विच तो जेमतेम उचलेल, पण पुढच्या वर्षी बसविलेल्या नव्या कॅमेऱ्याला कदाचित वीजच मिळणार नाही आणि दोष कॅमेऱ्याच्या माथी मारला जाईल.

जागा, हवा आणि वीजपुरवठा

स्विचसाठी बहुधा उरलेली जागा दिली जाते. स्वच्छतागृहाच्या भिंतीलगतचा कोपरा, चहाच्या ओट्याखालचे कपाट, फायलींच्या गठ्ठ्यामागची फळी, अशा जागा कटाक्षाने टाळाव्यात. बहुतेक कार्यालयीन स्विच भोवतालचे तापमान ४० ते ५० अंश सेल्सिअसच्या आत राहील असे गृहीत धरून बनविलेले असतात. सुटीच्या दिवशी वातानुकूलन बंद असते. बंद कपाटातील तापमान तेव्हा किती होते, हे वैशाखातील एखाद्या रविवारी मोजून पाहावे. कोकणपट्टीतील दमट हवेत ओल आणि धूळ हेही शत्रूच आहेत.

१९ इंची रॅक कुलपाचा असावा आणि पंख्यांच्या बाजूस हवा खेळती राहील एवढी मोकळी जागा असावी. रॅकचे अर्थिंग विद्युत तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे. स्विचला यूपीएसचा आधार हवाच. मात्र यूपीएसची क्षमता ठरविताना स्विचची स्वतःची गरज आणि केबलमधून दिली जाणारी वीज, दोन्हींची बेरीज करावी. संगणक यूपीएसवर आणि स्विच भिंतीतील साध्या सॉकेटवर असेल, तर दिवे गेल्यावर संगणक चालू राहतील, पण एकमेकांशी बोलू शकणार नाहीत.

जाळ्याचे विभाग

पाहुण्याचा मोबाइल, रस्त्याकडे पाहणारा कॅमेरा आणि हिशेबाचा सर्व्हर एकाच अंगणात नसावेत. एकाच स्विचचे ‘व्हीलॅन’ नावाचे स्वतंत्र विभाग पाडता येतात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानकावर ही व्यवस्था आधारलेली आहे. कर्मचारी, फोन, कॅमेरे आणि पाहुणे असे चार विभाग सामान्य कार्यालयास पुरतात. एका विभागातून दुसऱ्यात काय जाऊ द्यायचे, याचे नियम राउटर किंवा फायरवॉलवर लिहावे लागतात. त्यासाठी ‘मॅनेज्ड’ स्विच हवा. साध्या ‘अनमॅनेज्ड’ स्विचला ना विभाग कळतात, ना त्याच्याकडून बिघाडाची नोंद मिळते.

एका केबलचा वळसा

साफसफाईनंतर कोणीतरी लोंबणारी केबल दिसली म्हणून तिचे मोकळे टोक भिंतीतील दुसऱ्या सॉकेटमध्ये खोचते. केबलची दोन्ही टोके आता त्याच जाळ्यात पोहोचली. सर्वांना उद्देशून निघालेले पाकीट या वळशात फिरू लागते. इथरनेटच्या पाकिटाला आयुर्मर्यादा नसल्याने ते फिरतच राहते, त्याच्या प्रती वाढत जातात आणि काही क्षणांत सारे कार्यालय ठप्प होते.

यावर राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना ‘स्पॅनिंग ट्री’ ही पद्धत शोधली. स्विच आपापसांत बोलून एकाला मुख्य मानतात आणि वळसा निर्माण करणारी वाट तात्पुरती बंद ठेवतात. मुख्य कोण, हे ठरवून दिले नाही तर सर्वांचा अग्रक्रम समान राहतो आणि सर्वांत लहान मॅक पत्त्याचा स्विच निवडला जातो. जुन्या उपकरणाचा पत्ता पुष्कळदा लहान असल्याने अडगळीतला म्हातारा स्विचच साऱ्या जाळ्याचा कारभारी होऊन बसतो. म्हणून मध्यवर्ती स्विचला हा मान स्वतःहून द्यावा. मूळ मानकात एकामागोमाग सात स्विचपर्यंतचीच साखळी गृहीत धरलेली आहे. बॉस्टनच्या रुग्णालयात हीच मर्यादा ओलांडली गेली होती. टेबलांकडे जाणाऱ्या पोर्टवर ‘बीपीडीयू गार्ड’ सुरू ठेवल्यास तेथे कोणी परस्पर ‘स्पॅनिंग ट्री’ वापरणारा स्विच जोडताच तो पोर्ट आपोआप बंद होतो.

बसविण्याचा दिवस

नवा स्विच थेट रॅकमध्ये चढवू नये. आधी टेबलावर ठेवून त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे, कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा, स्विचला नाव व पत्ता द्यावा, विभाग आखावेत आणि एक-दोन दिवस तो तसाच चालू ठेवावा. सर्व मांडणीची प्रत दुसरीकडे जपून ठेवावी.

स्विचचे घड्याळही अचूक हवे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार कंपन्या आणि सरकारी कार्यालयांनी आपल्या यंत्रणांची घड्याळे प्रमाणवेळेच्या अधिकृत सर्व्हरशी जुळविणे आणि त्यांच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे.

प्रत्यक्ष बदल सुटीच्या दिवशी करावा. जुन्या जोडण्यांचे छायाचित्र घ्यावे, प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना क्रमांक चिकटवावा आणि एकेक गट हलवून तपासावा. संगणक, फोन, छपाई, कॅमेरे, वायफाय यांची चाचणी झाल्याशिवाय पुढचा गट हाती घेऊ नये. अमुक वाजेपर्यंत काम जमले नाही तर जुनी मांडणी पूर्ववत करायची, ही वेळ आधीच ठरवावी. जुना स्विच निदान आठवडाभर हाताशी ठेवावा.

नोंदवहीचे मोल

काम संपल्यावर एक कागद रॅकच्या दारावर आतून चिकटवावा आणि त्याची प्रत कार्यालयात ठेवावी. कोणत्या पोर्टवर कोणते टेबल आहे, विभाग कोणते, वीज किती शिल्लक आहे आणि बदल कोणी, केव्हा केला, एवढे त्यात असले तरी पुरे. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नये. तो बंद पाकिटात जबाबदार व्यक्तीकडे द्यावा. बसविणारा तंत्रज्ञ उद्या नोकरी बदलेल. ऐन कामाच्या दिवशी जाळे अडल्यास त्याच्या जागी आलेल्या माणसाला दोष शोधण्यास पाच मिनिटे लागतील की पाच तास, हे त्या कागदावर ठरेल.